सुकाणू कुणाकडे?

गाडीच्या खिडक्यांवर काळे पडदे ओढलेले आहेत आणि डब्यातल्या मिणमिणत्या दिव्यात समोरच्याचा चेहराही धड दिसत नाही. तुम्ही सोळा वर्षांचे आहात. पण सोळा वर्षांच्या पोराला या गाडीत कोण अहो-जाहो करणार? तेव्हा इथून पुढे तू.

तू सोळा वर्षांचा आहेस, लिव्हरपूलचा आहेस आणि १९४१ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा चालू आहे. जर्मन सैनिक हवाई छत्रीने उतरलेच तर त्यांना गाव कळू नये म्हणून स्टेशनांच्या पाट्या गेल्याच वर्षी काढून टाकल्यात. त्यामुळे तुलाही काही कळत नाही. एका बाजूला डोंगर आहे, दुसऱ्या बाजूला खारा वास. मग गार्ड ओरडतो, "अॅबरडव्ही!" आणि तू पत्र्याची पेटी घेऊन खाली उडी मारतोस. तुझ्यासोबत उतरलेली पोरं एकमेकांना आजमावून बघतायत. एकाला पोलिसात जायचंय. एक ग्लासगोच्या कारखान्यात उमेदवारी करतो. एक चांगला उंच आहे, त्याच्या बोलण्यावरूनच कळतं की बाप वर्षाला शाळेची जबर फी भरतो. एक बुटका, कानटोपीवाला, कुणाशी बोलतच नाही. युद्ध नसतं तर ही चार पोरं एका बाकावर बसलीच नसती.

तुला एका जहाज कंपनीने उमेदवार म्हणून घेतलंय. जानेवारीत बोटीवर चढायचं, त्याआधी इथे महिनाभर राहायचं, एवढंच तुला सांगितलंय. मे महिन्यात लिव्हरपूलवर सलग सात रात्री बॉम्ब पडले तेव्हापासून आईने "का" असं विचारणं सोडून दिलंय.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे छोटं गाव डव्ही नदीच्या खाडीवर वसलंय. ज्या घरात तुमची सोय केली आहे तिथे पहिल्याच संध्याकाळी एक कागद पुढे येतो. महिनाभर विडी-सिगरेट नाही, दारू नाही. सही कर. तपासायला कुणी येणार नाही, असंही सांगतात, आणि तीच खरी मेख आहे. तुझ्या खिशात वुडबाइनचं अर्धं पाकीट आहे. झडती झाली असती तर तू ते कुठेतरी शिताफीने लपवलं असतंस. झडतीच नाही म्हटल्यावर त्याचं काय करावं तुला समजत नाही, आणि रात्रभर ते पाकीट उशाखाली टोचत राहतं.

तू झोपलास की मी वाचकांशी दोन शब्द बोलून घेतो, कारण ही शाळा निघाली कशी हे त्या रात्री तुला कुणी सांगणार नाही.

लॉरेन्स होल्ट हे ब्लू फनेल लाइन या मोठ्या जहाज कंपनीचे एक मालक. कंपनीची कचेरी लिव्हरपूलच्या 'इंडिया बिल्डिंग्ज' या इमारतीत, तीही त्या मे महिन्यात जळाली. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजं टिपत होत्या. जहाज बुडालं की माणसं लाइफबोटीत येत, आणि होल्टांच्या कानावर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येई: बोटीत आधी मरतात ते तरणेबांड पोरगे, आणि तगतात ते पन्नाशीचे म्हातारे. अंगात ताकद कुणाच्या जास्त, हा प्रश्नच नव्हता. म्हातारे शिडाच्या जहाजांवर वाढले होते. वारा कुठून फिरेल, ओल्या दोराला गाठ कशी मारायची, पाणी कसं पुरवून प्यायचं, हे त्यांच्या हाडीमासी होतं. पोरं मात्र वाफेच्या जहाजावर आली होती. इंजिन बंद पडलं की त्यांचं जग संपलं. आकडेमोडीपेक्षा हा जहाजवाल्याचा कानोसा होता, पण होल्टांनी तो मनावर घेतला.

त्यांना भेटलेला माणूस कुर्ट हान. बर्लिनचा ज्यू. जर्मनीत झालेम इथे त्याने १९२० मध्ये निवासी शाळा काढली होती. हिटलरच्या विरोधात उघड बोलल्यामुळे १९३३ मध्ये तुरुंगात गेला, सुटला, इंग्लंडला आला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. आजची पोरं आळसावली आहेत, त्यांना दुसऱ्याचं दुःख दिसत नाही, अशी त्याची सदाची तक्रार. ही तक्रार प्रत्येक पिढीतला प्रत्येक हेडमास्तर करत आला आहे, त्यामुळे तिचं मला फार अप्रूप नाही. हानचं वेगळेपण इतकंच की तो भाषणावर थांबला नाही, त्याने पोरांच्या हातात वल्हं दिलं. आणखी एक गंमत म्हणजे उघड्यावरच्या शिक्षणाचा हा पुरस्कर्ता स्वतः ऊन सोसू शकत नसे. अठराव्या वर्षी त्याला असा उष्माघात झाला की पुढे जन्मभर तो रुंद काठाची टोपी घालून सावलीसावलीने फिरला.

पैसा होल्टांचा आणि पद्धत हानची. नावावरून दोघांची ओढाताण झाली, त्यात होल्ट जिंकले. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला खलाशी जे म्हणतात तेच शाळेचं नाव पडलं: आउटवर्ड बाउंड. पहिले प्रमुख जिम होगन. दारं उघडली ४ ऑक्टोबर १९४१ ला.

उठ आता.

सात वाजलेत, पण बाहेर अंधारच आहे, कारण युद्धासाठी अख्ख्या देशाचं घड्याळ तासभर पुढे केलंय. धावायचं, मग गार पाण्याच्या धारेखाली उभं राहायचं. ग्लासगोचा पोरगा त्या पाण्याखाली ज्या शिव्या देतो त्या ऐकून पोलिसात जाणारा हसून हसून भिंतीला टेकतो. तुमची पथकं पाडली आहेत, डझनभर पोरांचं एक, आणि जहाजावर पाळीला म्हणतात तसं पथकालाही 'वॉच' म्हणतात. धावणं, उडी, फेक यांचं ठरलेलं माप आहे. ते गाठायचं असतं, शेजाऱ्याला हरवायचं नसतं. बुटक्याला उंच उडी जमत नाही. तो रोज संध्याकाळी एकटाच मैदानावर जातो आणि काठी खाली पाडून येतो. तू एकदा त्याला म्हणतोस, "सोड की, कोण बघतंय?" तो म्हणतो, "तेच तर," आणि पुन्हा काठी लावतो.

पथकाचा म्होरक्या पोरांपैकीच एक असतो, आणि ती जागा फिरती असते. तुझी पाळी दुसऱ्या आठवड्यात येते.

दहा वल्ह्यांची होडी, कटर म्हणतात तिला. अशा होडीच्या म्होरक्याला आपल्या कोकणात तांडेल म्हणतील. खाडी ओलांडून पलीकडच्या पुळणीला जायचं आणि परत यायचं, एवढंच काम आहे. शिकवायला आलेला जुना खलाशी मागच्या फळीवर कोटाच्या खिशात हात घालून बसलाय. तो काही बोलणार नाही, हे तुला एव्हाना कळलंय. पहिल्या दिवशी तुला वाटलं होतं की म्हातारा आळशी आहे.

जाताना सगळं झकास होतं. पाणी भरलेलं, वारा पाठीमागून. पलीकडे तुम्ही जरा जास्तच रेंगाळता, कारण उंच पोरगा वाळूत शर्यत लावतो आणि तुलाही धावायचं असतं. परत निघता तेव्हा ओहोटी निम्मी झालेली आहे. तू भरती-ओहोटीचा तक्ता सकाळी पाहिला होतास. पाहिला होतास, पण त्यातलं काय घड्याळाशी जुळवायचं हे डोक्यात आलं नव्हतं. ही खाडी सुकते म्हणजे अक्षरशः सुकते. मैलभर पाण्याच्या जागी वाळूचे दांडे वर येतात आणि मधून नदीची एक चिंचोळी नाळ उरते.

"डावीकडे घे," उंच पोरगा म्हणतो. त्याचा आवाज असा आहे की त्याच्याशी वाद घालायचं कुणाच्या मनात येत नाही. तू डावीकडे घेतोस. पुढून कानटोपीवाला काहीतरी बोलतो, ते वाऱ्यात विरून जातं. होडीच्या तळाखाली आधी एक खरखर ऐकू येते, मग एक दणका, आणि पुढच्या दोघांची वल्ही वाळूत रुततात.

"उतरा, ढकला!" तू ओरडतोस. सगळे गुडघाभर पाण्यात उतरून ढकलतात. पाणी घोट्यापर्यंत येतं, मग तेही जातं. दहा मिनिटांनी तुम्ही वाळूवर उभ्या असलेल्या एका होडीभोवती उभे आहात. गावातली घरं समोर दिसतायत. मधे नाळ आहे, तिची ओढ अशी आहे की पोहून जायचं नावही नको. पाणी परत यायला सहा तास लागतील.

तू म्हाताऱ्याकडे पाहतोस. तो तुझ्याकडे पाहतो आणि पाइप काढतो. नियम पोरांना आहे, त्याला नाही.

आता काय करशील? तुझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो हा की चूक उंच पोराची होती. हे तू बोलूनही दाखवतोस. मग उंच पोरगा बोलतो, मग ग्लासगोचा, आणि पाच मिनिटं वाळूच्या दांड्यावर एक जंगी भांडण होतं, ज्यात तुम्हा पोरांच्या बापांची मिळकत, इंग्रज आणि स्कॉच लोकांचा इतिहास असं सगळं निघतं. त्यात पाऊस येतो.

पावसात भांडणाला मजा राहत नाही. सगळे गप्प होतात तेव्हा तुला ऐकू येतं की कानटोपीवाल्याचे दात वाजतायत. तू त्याला विचारतोस, "मघाशी काय म्हणालास?"

"पाण्याचा रंग बदलला होता," तो म्हणतो. "उजवीकडे काळं होतं. खोल."

"मोठ्याने का नाही बोललास?"

"बोललो होतो."

तुझ्याकडे यावर उत्तर नाही. पण काम आहे. शीड उतरवून होडीच्या कडेवरून ताणायचं, खाली आडोसा करायचा. बिस्किटं किती आहेत ते मोजायचं, आणि ती आत्ताच वाटायची नाहीत. ओले मोजे काढून पिळायचे. दोघा-दोघांनी एकमेकांचे पाय चोळायचे. यातलं काही तुला सुचतं, काही पोलिसात जाणाऱ्याला, आणि कुणाचं काय ते लवकरच कळेनासं होतं. कानटोपीवाल्याला तू मधे बसवतोस. उंच पोरगा स्वतःचा कोट काढून त्याच्या पाठीवर टाकतो आणि कुणी काही बोलायच्या आत दुसरीकडे बघायला लागतो. ग्लासगोवाल्याला तू गायला सांगतोस. त्याला फक्त अचकट-विचकट गाणी येतात. चालतील.

तिसऱ्या तासाला म्हातारा शिडाखाली येऊन बसतो आणि पहिल्यांदा तोंड उघडतो.

तो 'सिटी ऑफ बनारस'ची गोष्ट सांगतो. तुला ती माहीत आहे, गेल्या वर्षी वर्तमानपत्रांत होती. ते जहाज तुझ्याच लिव्हरपूलहून निघालं होतं. बॉम्बपासून वाचवण्यासाठी ९० मुलांना कॅनडाला नेत होते. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री पाणतीर लागला. मुलांपैकी ७७ गेली. पण बारा नंबरची लाइफबोट आठ दिवस तरंगत राहिली. बोटीत सेहेचाळीस माणसं. त्यात सहा मुलगे. मेरी कॉर्निश नावाची एक बाई, संगीताची शिक्षिका. ती आठ दिवस त्या मुलांचे पाय चोळत होती आणि न संपणारी एक साहसकथा सांगत होती, रोज थोडी, उद्याचा भाग राखून. आठव्या दिवशी विमानातून कुणीतरी बोट पाहिली. सहाही मुलगे जगले.

"बोट चालवत कोण होतं?" पोलिसात जाणारा विचारतो.

"अधिकारी होता एक. बाकी बहुतेक लास्कर. हिंदी खलाशी, तीसेक असतील."

"आणि त्यांनी काय केलं?"

म्हातारा खांदे उडवतो. "ते पेपरात आलं नाही."

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण हा प्रश्न त्या शाळेतही पुढे कुणी फार लावून धरला नाही. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी हजारो हिंदी खलाशी होते. सिल्हेटचे, पंजाबचे, गुजरातचे. मुंबईत भरती झालेल्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत अगदीच थोडा. या युद्धात त्यांच्यातले सहा हजारांवर मेले. दाभोळ-जयगडच्या खाडीत लहानपणापासून शिडाच्या होड्या हाकलेला माणूस, म्हणजे होल्टांना हवा होता तसाच मुरलेला खलाशी, त्यांच्या देशाच्या जहाजांवर आधीपासून हजर होता. मात्र गोऱ्या पोरांनी कुणाकडून शिकावं, या यादीत तो नव्हता.

भरती येते. आधी ऐकू येते, मग दिसते. होडी हलते तेव्हा तू सुकाणू धरतोस, पण कानटोपीवाल्याला पुढे उभं करतोस आणि तो हात करेल तिकडे वळवतोस. तो पाण्याचा रंग बघत उभा आहे. कुणी त्याच्या आवाजावर आवाज काढत नाही. काठाला लागलात तेव्हा अंधार पडलेला असतो. म्हातारा होडीतून उतरताना फक्त म्हणतो, "तक्ता उद्या माझ्यासमोर वाच."

उरलेल्या दिवसांची मी घाई करतो. तू सिग्नल शिकतोस, दोर जोडायला शिकतोस, आणि चौथ्या आठवड्यात तुम्ही चालत काडर इद्रिस या डोंगरावर जाता. उंची ८९३ मीटर, कळसूबाईच्या निम्म्याहून थोडी जास्त, पण त्यावर जाऊन हसू नका. समुद्रावरून येणारं धुकं तिथे असं उतरतं की स्वतःचा बूट दिसत नाही. माथ्यावर रात्र काढणारा सकाळी एकतर कवी होऊन उतरतो नाहीतर वेडा होऊन, असं तिथले लोक सांगतात. तुम्ही रात्र काढत नाही, त्यामुळे दोन्ही टळतं. म्होरक्या या वेळी ग्लासगोचा आहे. तुला त्याने सगळ्यात मागे चालायला सांगितलंय. आधी तुला हे कमीपणाचं वाटतं. सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील की पुढे कुणीही चालतं, शेवटी चालणारा मात्र पारखून ठेवावा लागतो. कोण लंगडायला लागलंय, कोण उगाच हसतंय, कुणाचं बोलणं अचानक बंद झालंय, हे त्या जागेवरूनच दिसतं. तलावाच्या वर दगडांच्या उतारावर उंच पोराचं बोलणं बंद होतं. तू पुढे निरोप पाठवतोस की थांबा. तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. तू म्हणतोस, माझ्या बुटात खडा गेलाय. सगळे बसतात. खडा काढायला तुला वीस मिनिटं लागतात.

तू उतारावर बसला आहेस तोवर मी एक उडी मारून येतो. १९४२ मध्ये या शाळेची सूत्रं कॅप्टन फ्रेडी फुलरकडे जातील. त्यांच्यावर दोनदा पाणतिराचा हल्ला झालेला असेल, आणि अटलांटिकमध्ये उघड्या बोटीत ३५ दिवस काढून त्यांनी सगळी माणसं जिवंत आणलेली असतील. युद्ध संपेल, शाळा राहील, आणि तिच्या फांद्या जगभर जातील. हान आणखी शाळा काढत राहील. १९६२ मध्ये वेल्सच्याच एका किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू होईल, त्यातून युनायटेड वर्ल्ड कॉलेजची साखळी होईल, आणि १९९७ मध्ये तिची एक कडी आपल्या मुळशी तालुक्यातल्या डोंगरावर, पौडजवळ, महिंद्रा कॉलेज म्हणून येऊन टेकेल. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना डोंगरावरच्या त्या वस्तीचं मूळ एका जळत्या समुद्रात आहे याचा पत्ता नसतो.

त्याच भागात शनिवार-रविवारचे 'लीडरशिप कॅम्प'सुद्धा भरतात. दोराचा पूल, टायरमधून सरपटणं, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. त्यांच्यावर माझा राग नाही, पोरं चार तास मोबाइलविना राहतात हेही थोडं नाही. पण तिथला दोर कधी तुटत नाही आणि चहा वेळेवर येतो. सहा तास वाळूवर बसून राहायची सोय त्या वेळापत्रकात नसते, आणि कानटोपीवाल्याचं बोलणं ऐकू येण्याआधी त्या वाळूवरच्या भांडणाला वेळ द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पोराला तिथे 'लीडर' म्हणतात. अॅबरडव्हीत निदान कटरला सुकाणू एकच होतं.

जानेवारी १९४२. तू गोदीत एका मालवाहू जहाजावर चढतोस. हे ब्लू फनेलचं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे, आणि डेकवरचे खलाशी मुंबईत भरती झालेले. अंगावर तुझा नवा कोट, टोपीवर कंपनीचा बिल्ला. जुने खलाशी एक गोष्ट सांगतात, ती तू उशिरा ऐकली आहेस: गेल्या मेपर्यंत जहाज बुडालं की त्या दिवसापासून खलाशाचा पगार बंद व्हायचा. लाइफबोटीतले दिवस बिनपगारी.

दुसऱ्या दिवशी बोटी उतरवण्याची कवायत निघते. तुझ्याकडे डावीकडची दोन नंबरची बोट. दोन टोकांना दोन दोर, दोन्हींवर माणसं, आणि वर तू, ओरडण्यासाठी. महिनाभर शिकलेले सगळे हुकूम तुझ्या जिभेवर आहेत. तू पहिला देतोस. पुढची माणसं दोर सोडतात, मागच्यांना शब्द कळत नाही, आणि बोट नाक खाली करून लटकते. आतलं एक वल्हं घसरून पाण्यात पडतं.

खलाशांचा मुकादम, सारंग म्हणतात त्याला, पिकलेल्या दाढीचा, जयगडकडचा, रेलिंगपाशी उभा आहे. तो तुझ्याकडे बघतो. म्हातारे असेच बघतात, हे आता तुला माहीत आहे.

"तुम्ही सांगा," तू म्हणतोस आणि एक पाऊल मागे सरतोस.

त्याला इंग्रजी शब्द कळले असतील-नसतील, पाऊल कळतं. "आगे बंद! पीछू आरिया! आस्ते, आस्ते!" मागचं टोक उतरतं, बोट सपाट होते. "अब दोनो बाजू आरिया! बराबर!" बोट पाण्याला टेकते, फार उडवतही नाही.

सेकंड ऑफिसर घड्याळ हातात घेऊन येतो. वेळ वहीत लिहितो. मग तुझ्याकडे न बघताच विचारतो, "हुकूम कुणी दिला?"

"सारंगाने, सर."

"बोट तुझी आहे."

"हो सर. म्हणूनच."

तो एकदा तुझ्याकडे बघतो, एकदा सारंगाकडे. "वर घ्या," तो म्हणतो. "पुन्हा उतरवा. आणि ते पडलेलं वल्हं कुणीतरी काढा."